ऑनलाइन फँटसी रोल-प्लेइंग गेम खेळून महिन्याला वीस हजार रुपये मिळू शकतात का?

तुम्ही विचारले आहे की, बारावीनंतर म्हापशात घरी राहून रोज सहा-सात तास असे, म्हणजे काल्पनिक जगात एक पात्र होऊन इतरांसोबत खेळायचे, खेळ खेळल्यास महिन्याला वीस हजार रुपये सुटतील का, आणि त्यासाठी वडिलांकडे सत्तर हजारांचा गेमिंग संगणक मागावा का. पैसे मिळतात, हे मी अनुभवाने सांगतो. वीस हजार मिळतील असे मात्र मला वाटत नाही, आणि संगणक तर इतक्यात मागूच नका. हे सविस्तर लिहीत आहे, कारण मला ते वेळेवर कोणी सांगितले नव्हते.

मी डिचोलीचा. २०२० च्या टाळेबंदीत एका मोठ्या खेळात मी सात महिने गोल्ड, म्हणजे खेळातील चलन, जमवून दलालामार्फत इतर खेळाडूंना खऱ्या पैशांना विकत होतो. त्या खेळातील एका डोंगराळ भागात ठरावीक वाटेवर खनिजाचे बारा साठे होते. सगळे फोडून येण्यास अकरा मिनिटे लागत आणि तेवढ्यात पहिला साठा पुन्हा उगवलेला असे, त्यामुळे एक फेरी संपताच दुसरी सुरू होई. जमलेले खनिज खेळातील बाजारात विकून गोल्ड करायचे, दलालाने सांगितलेल्या पात्राला ठरलेल्या गावाच्या बँकेसमोर भेटायचे, देवघेवीची खिडकी उघडून आकडा टाकायचा, 'स्वीकारा' दाबण्यापूर्वी स्क्रीनशॉट घ्यायचा आणि मग दोन-तीन दिवस पैशांची वाट पाहायची. पावसात वीज गेली की फेरी अर्धवट राही, पात्र राक्षसांच्या गराड्यात मरून पडे, आणि त्याच्या चिलखताची दुरुस्ती पुन्हा त्याच गोल्डमधून करावी लागे.

मी सगळा हिशेब एका वहीत लिहीत असे. सात महिन्यांत १,१३० तास खेळून ६१,४०० रुपये आले. त्यातून दलाली आणि पैसे पाठवण्याचा खर्च ९,२००, खेळाची वर्गणी ६,३००, इंटरनेट ४,९०० आणि बुडालेले ४,७०० रुपये वजा केल्यावर हातात ३६,३०० राहिले, म्हणजे तासाला बत्तीस रुपये. बुडालेल्या रकमेचे कारणही सांगतो : एका ग्राहकाने दुसऱ्याच्या कार्डावरून पैसे भरले होते, कार्डाच्या मालकाने तक्रार करताच बँकेने ते परत घेतले आणि दलालाने ती रक्कम माझ्या पुढच्या हप्त्यातून कापली. माझ्या दराने तुम्हाला वीस हजारांसाठी महिन्याला ६२५ तास खेळावे लागेल. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०.

हा दर इतका कमी का, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील अर्थव्यवस्थेचा अभ्यास केला, तेव्हा तेथील खेळाडूची कमाई तासाला सुमारे ३.४२ डॉलर भरली होती. ज्याच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही, तो ज्याच्याकडे वेळ आहे त्याचे श्रम विकत घेतो, एवढाच हा व्यवहार आहे. हे काम करण्यास विशेष कौशल्य लागत नसल्याने जगभरातील अल्प उत्पन्नाच्या देशांतील मुले आणि त्यांच्या जोडीला न थकणारे बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम, त्यात उतरतात आणि भाव पाडतात. शिवाय कंपन्या स्वतःच या बाजारात उतरल्या आहेत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २०१५ पासून टोकन मिळते. पैसेवाला खेळाडू ते कंपनीकडून विकत घेऊन गोल्डच्या बदल्यात विकतो आणि गोल्ड देणाऱ्याला खेळण्याची मुदत मिळते. यातून तुमची वर्गणी वाचू शकते, पण रोख हाती येत नाही.

दुसरी गोष्ट मालकीची, आणि मला तीच सर्वांत गंभीर वाटते. आपण गोव्याचे असल्याने भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) हे नाते तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. खेळातील तुमचे पात्र, तलवार, गोल्ड हे सगळे भाटकाराच्या जमिनीवरील घरासारखे असते, फरक इतकाच की मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले, खेळाडूला तसे कोणतेही नाही. बहुतेक मोठ्या खेळांच्या अटींत लिहिलेले असते की खेळातील वस्तू कंपनीच्या आहेत आणि त्या बाहेर खऱ्या पैशांना विकल्यास अकाउंट बंद होईल. माझे चवथीच्या आदल्या दिवशी बंद झाले. आठवड्याभराचे न विकलेले गोल्ड गेले, आणि अट मीच मोडलेली असल्याने कोणाकडे दाद मागण्याचा प्रश्नच नव्हता.

जिथे विक्रीला परवानगी होती, तिथलाही अनुभव पाहा. 'डायब्लो ३'मध्ये कंपनीने २०१२ साली खऱ्या पैशांचे लिलावघर उघडले आणि मार्च २०१४ मध्ये ते स्वतःच बंद केले, कारण लोक राक्षस मारण्याऐवजी बाजारातच बसू लागले होते. 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' या आभासी प्राणी विकत घेऊन झुंजवण्याच्या खेळाने टाळेबंदीत फिलिपिन्समध्ये अनेक घरे चालवली, पण त्यात मिळणारे एसएलपी हे विकता येणारे क्रिप्टो टोकन जुलै २०२१ मध्ये पस्तीस सेंटच्या वर होते, ते वर्षभरात एका सेंटच्याही खाली आले. दरम्यान मार्च २०२२ मध्ये त्या खेळाचे व्यवहार ज्यावर चालत त्या रोनिन नेटवर्कवरून साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीस गेली. ज्यांनी कर्ज काढून ते प्राणी विकत घेतले होते, त्यांची मला खरोखर काळजी वाटत असे. आपल्याकडे अशा टोकनांच्या विक्रीतील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली आहे. पणाला पैसे न लावता केवळ वर्गणी भरून खेळायचा खेळ त्यात येत नाही. पण 'आधी एवढे भरा, मग कमाई सुरू होईल' असे सांगणाऱ्या कोणत्याही खेळापासून दूर राहा.

तरीही या जगातून पैसे मिळवायचे असतील, तर जे खेळाबाहेर तुमच्या मालकीचे राहते ते विका. पणजीला चित्रकला शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीला गिल्डमधील (खेळातील खेळाडूंच्या गटातील) एका जर्मन खेळाडूने आपल्या पात्राचे चित्र काढून मागितले. तिने त्याच्याकडून चिलखताचे चार स्क्रीनशॉट मागवले, दोन कच्ची रेखाटने दाखवली आणि चौथ्या दिवशी पूर्ण चित्र पाठवून पंचवीस डॉलर घेतले. ती एकूण सात तास बसली होती. खेळाच्या नव्या भागाचे मराठी किंवा हिंदी व्हिडिओ करणे, खेळाडूंना उपयोगी छोटे प्रोग्रॅम लिहिणे, हेही मार्ग आहेत; मात्र प्रत्येक खेळाच्या अटी आधी वाचा, कारण काही कंपन्या असे प्रोग्रॅम विकू देत नाहीत.

आता आहे त्याच लॅपटॉपवर एक महिना प्रयत्न करा आणि पहिल्या दिवसापासून तास वहीत लिहा. कोणी दलाल 'तुझ्या बँक खात्यात दुसऱ्यांचे पैसे येतील, तू फक्त पुढे पाठव, कमिशन देतो' असे म्हणाला, तर त्याला त्याच क्षणी ब्लॉक करा; ते पैसे फसवणुकीचे निघाले तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचे खाते गोठवते, आणि ते सोडवण्यासाठी हेलपाटे तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना घालावे लागतात.