बरोबरी ‘साधली’ म्हणे!

कोल्हापूरहून एका वाचकाचा प्रश्न आलाय. शाहू स्टेडियमवर त्यांच्या तालमीचा फुटबॉल सामना ०-० झाला. मॅच सुटल्यावर चहाच्या गाड्यावर पोरांत जुंपली. एक म्हणाला, ‘वाचलो बघ, बरोबरी साधली आपण.’ दुसरा भडकला, ‘साधली कसली? एक गोल न्हाई का काय न्हाई, साधलं काय?’ तिसऱ्यानं ‘सामना अनिर्णित राहिला’ असं पुस्तकी वाक्य टाकलं, तेव्हा पहिल्या दोघांची एकी झाली आणि दोघं मिळून तिसऱ्यावर घसरले. वाचक विचारतात, यातलं बरोबर काय? आणि ‘गोलशून्य बरोबरी’ हा शब्द तरी शुद्ध आहे का?

दुसऱ्याचं बरोबर आहे. त्याला माझ्यातर्फे एक कटिंग पाजा.

साधणं म्हणजे हातात नसलेली गोष्ट नेमानं, खटपटीनं मिळवणं. नेम साधतात, डाव साधतात, संधी साधतात. बरोबरी साधायची तर आधी पिछाडीवर असावं लागतं. तुम्ही एका गोलनं मागं आहात, वेळ संपत आलाय, कॉर्नरवरून आलेल्या बॉलला कुणीतरी डोकं लावलं आणि जाळी हलली, तर ती बरोबरी साधली. ०-० ची बरोबरी पंचांच्या पहिल्या शिट्टीपासून तिथंच बसून होती. बावीस जणांपैकी कुणी तिला हात लावला नाही. घरात होतं ते भांडं घरातच राहिलं, तर त्याला कुणी ‘भांडं मिळवलं’ म्हणत नाही. तरीही फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की ‘गोलशून्य बरोबरी साधली’ हा मथळा छापून येतोच येतो. मी तो वाचतो, पेन्सिलीनं खोडतो आणि बायको म्हणते, खोडून काय होणार, पेपर तर उद्या रद्दीत जाणार.

‘अनिर्णित’बद्दल दोन तक्रारी आहेत. पहिली ऱ्हस्व-दीर्घाची. ‘नी’ धातूपासून नीत. विनीत, प्रणीत, तसंच निर्णीत आणि अनिर्णीत. णी दीर्घ. लहान णि लिहिणाऱ्यांनी ‘विनित’ असं नाव लिहून एखाद्या विनीतला दाखवावं, तोच सांगेल. दुसरी तक्रार अर्थाची. कसोटी क्रिकेटमध्ये पाच दिवस संपतात, चौथा डाव अर्धाच राहतो, दोघांच्या धावांचा एकमेकांशी काही मेळ नसतो. निर्णय व्हायचा तो झालाच नाही, म्हणून तो सामना अनिर्णीत. चेन्नईत (तेव्हाचं मद्रास) १९८६ साली भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली, तिथं गोष्ट वेगळी होती. शेवटच्या षटकात एक चेंडू उरलेला असताना मणिंदर सिंग पायचीत झाला आणि दोन्ही संघांच्या एकूण धावा भरल्या प्रत्येकी ७४४. डाव पुरे झाले, हिशेब जुळला. ती बरोबरी. क्रिकेटला या दोन शब्दांची वेगवेगळी गरज आहे आणि मराठीनं ती चोख भागवलीय. फुटबॉलमध्ये गोल सारखे किंवा दोन्हीकडे शून्य, तर सामना बरोबरीत, असं नियमातच लिहिलंय. एकेक गुण वाटून मिळतो. एवढा स्वच्छ निर्णय झाल्यावर अनिर्णीत काय उरलं?

हे झालं. आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते.

‘बरोबर’ हा शब्द फारसी आहे, एवढं कोश सांगतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. पुढं न वळता थोडं थांबावं. मूळ रूप ‘बराबर’, आणि त्याची फोड बर-आ-बर. ‘बर’ म्हणजे छाती. फारसीत ‘दर बर’ घेणं म्हणजे छातीशी धरणं, कवेत घेणं. मधला ‘आ’ जोडकाम करतो. म्हणजे बराबर म्हणजे छातीला छाती! हीच घडण ‘सरासर’मध्ये आहे. सर म्हणजे डोकं, टोक. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सरासर, आणि त्यावरून आपली सरासरी. काठोकाठ भरलेल्या पेल्याला हिंदी-उर्दूत लबालब म्हणतात, त्यातला लब म्हणजे ओठ. बराबरचं बरोबर करताना आपण मधला ‘आ’ गोल करून टाकला, त्यामुळे छाती दिसेनाशी झाली, इतकंच.

आता दोन छात्या दोन तऱ्हांनी बरोबर येतात. दोघं शेजारी-शेजारी चालले तर छाती एका रेषेत. ‘माझ्याबरोबर चल’ यातला बरोबर तो. दोघं समोरासमोर उभे ठाकले तर छातीसमोर छाती. आजच्या फारसीतही ‘दर बराबर’ म्हणजे समोर, विरुद्ध. ‘माझी बरोबरी करतोस काय रे?’ यातला बरोबर हा. सोबतीचा शब्द आणि आव्हानाचा शब्द मराठीत एकच, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच छाती. (हल्ली ‘बरोबर’ गावठी वाटतो म्हणून जिथंतिथं ‘सोबत’ घालणारे निघालेत. त्यांच्या माहितीसाठी, सोबत हा अरबी ‘सोहबत’. सोवळ्यात बसायला गेले आणि पाट तोच निघाला.)

एका निवृत्त भाषाशिक्षकांनी मला मागं ठणकावून सांगितलं होतं की बरोबर हा ‘बरं’ची द्विरुक्ती आहे, बरं-बरं होऊन बरोबर, म्हणून त्याचा अर्थ योग्य, ठीक. ऐकायला गोड आहे. पण मग ‘तिच्याबरोबर गेला’ मध्ये काय बरं-बरं आहे ते त्यांनी सांगितलं नाही. योग्य हा अर्थ नंतर आला. हिशेबाची बेरीज दोन्ही बाजूंनी सारखी आली की ती बरोबर आली, आणि सारखी आली म्हणजे चुकली नाही. तागडीतून आलेला अर्थ आहे तो. दुसरे एक शुद्धीवाले बरोबरीऐवजी ‘समसमान’ सुचवतात. सम म्हणजे समान. समान म्हणजे समान. समान-समान सामना, मग समालोचकालाही दोनदा बोलवा.

आता ‘सुटला’. इथं माझा लाडका सिद्धांत आहे, आणि कोल्हापूरकरांनी तो माझ्याआधी मांडायला हवा होता.

सामना बरोबरीत सुटतो. पण ‘सामना २-१ नं सुटला’ असं कुणी म्हणतं का? ‘विजयात सुटला’? ‘पराभवात सुटला’? शाळा सुटते, सिनेमा सुटतो, तसा नुसता संपण्याचा अर्थ असता तर कुठलाही सामना कसाही सुटायला हरकत नव्हती. चहाच्या गाड्यावर ‘मॅच सुटल्यावर भेटू’ म्हणतात ते सुटणं वेगळं, ते शाळेचं. निकालाशेजारी बसणारा ‘सुटला’ फक्त बरोबरीलाच चिकटलाय. का? कुणी म्हणेल, कोडं सुटतं, प्रश्न सुटतो, तसा सामना सुटला. ०-० मध्ये कुठला प्रश्न सुटला, ते त्या गाड्यावरच्या पोरांना विचारा. उलट तिथंच सगळे प्रश्न सुरू झाले.

उत्तर मातीत आहे. कुस्तीच्या मैदानाचं पोस्टर कधी वाचलंत? ‘निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान’. निकाली कुस्ती म्हणजे एकाची पाठ लागणार, चितपट होणार. आणि निकाल लागत नसेल तर? दोन तुल्यबळ गडी एकमेकांत अडकलेत. सुरुवातीची खडाखडी झाली, पट काढून झाला, ढाक लावून झाली, हलगीवाल्याचे हात भरून आले, आणि आता दोघं छातीला छाती लावून, कपाळाला कपाळ टेकून, घामानं थबथबलेले नुसते रेटताहेत. अंगावरच्या मातीचा चिखल झालाय. मग पंच पुढं होतो, दोघांच्या मध्ये हात घालतो आणि कुस्ती सोडवतो. बरोबरीत. ‘कुस्ती बरोबरीत सोडवली’ हे वाक्य आजही बातमीत जसंच्या तसं येतं. इथं सोडवणं ही अक्षरशः हातानं करायची क्रिया आहे. दोन देह एकमेकांच्या पकडीतून मोकळे करायचे. पंचानं सोडवली, म्हणून कुस्ती सुटली. निकाली झालेल्या कुस्तीत सोडवायला काही उरतच नाही. एक जण खाली असतो, दुसरा वस्तादाच्या पाया पडायला निघालेला असतो.

आणि ‘बरोबरीत सुटली’ या दोन शब्दांत दोन्ही चित्रं एका जागी येतात: छातीला छाती लागली, आणि ती सुटली.

हा वाक्प्रचार मातीतून गवतावर कसा आला, हे सांगायला कोल्हापूरइतकं चांगलं गाव नाही. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. ही फुटबॉल संघांची नावं आहेत! जगात इतरत्र फुटबॉलचे क्लब असतात, कोल्हापुरात तालमी असतात. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबागचं कुस्ती मैदान आणि शाहू स्टेडियम ही दोन्ही ठिकाणं एका दमात चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी जोर-बैठका काढणारं पोरगं दुपारी सेंटर फॉरवर्डला, आणि संध्याकाळी तेच पोरगं कट्ट्यावर मॅचचा पंचनामा करतंय. तो सामन्याला सुटला म्हणेल नाहीतर काय म्हणेल? (तालीम हा शब्द अरबी, मुळात शिक्षण. इल्मच्या, म्हणजे ज्ञानाच्या, घरचा. आपण त्याला माती लावली आणि नाटकवाल्यांनाही दिला.)

एका भाषाप्रेमी मित्रानं हे ऐकून नाक मुरडलं. म्हणाला, क्रिकेटच्या बातम्यांतही ‘बरोबरीत सुटला’ येतं, मग तिथं कुठली तालीम? अहो, शब्द एकदा आखाड्याबाहेर पडला की तो कुठल्या खेळात शिरतो याचा पास त्याला काढावा लागत नाही. क्रिकेटच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी कुस्तीच्या बातम्याही लिहिल्यात. मित्र अजून मानत नाही. न मानो.

गाड्यावरचा खरा वाद, वाचकांनी पत्रात पुढं लिहिलाय तो, शब्दाचा नव्हताच. ‘समोरचे आलेच होते बरोबरीसाठी, दहा जण गोलसमोर उभे, त्यात आपण काय करणार’ असं पहिल्याचं म्हणणं, आणि ‘मग शिरायचं की मधनं, बॉल फिरवत बसलासा नुसता’ हे दुसऱ्याचं. हा वादही आखाड्याला जुना आहे. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती लागली. झिबिस्कोनं ओळखलं की उभ्यानं हा आपल्याला ठेवत नाही. तो मॅटवर पालथा पडून चिकटला तो अडीच तासांहून जास्त वेळ. गामानं खालीवर करून बघितलं, पण पाठ काही लागेना. कुस्ती बरोबरीत. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं, तर झिबिस्को आलाच नाही. पुढं १९२८ मध्ये पतियाळात दोघं परत भिडले आणि गामानं त्याला एका मिनिटाच्या आत पाडलं. तेव्हा पहिल्या पोराला सांगा, समोरचे चिकटून बसले तर एकदा बरोबरी सुटते. परतीच्या सामन्यात काय होतं ते बघा म्हणावं.

हां, ‘गोलशून्य’ राहिलाच. शुद्ध आहे. त्यातला शून्य हा फळ्यावरचा ० नव्हे, ‘नसलेला’ या अर्थाचा आहे. विचारशून्य, अर्थशून्य, तसा गोलशून्य. इंग्रजी गोलला संस्कृत शून्य जोडला म्हणून कुणाचा सोवळेपणा मोडत असेल तर मोडू द्या. विचारशून्यसुद्धा त्याच साच्यातला, आणि तुमच्या पत्रातल्या तिसऱ्या ओळीत त्या दुसऱ्या मुलानं आपल्या फॉरवर्ड लाइनला तोच शब्द लावलाय. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यातही चूक नाही.