डेंड्राइटमधले स्पाइक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मेंदूच्या सालीतल्या पाचव्या थरातल्या पिरॅमिडल न्यूरॉनच्या (पिरॅमिडसारख्या चेतापेशीच्या) फांद्यांची, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या डेंड्राइटची, टोकं सोमापासून (पेशीच्या मुख्य भागापासून) मिलिमीटरभर लांब असतात. तिथला सिग्नल खाली पोचतो तरी का?

एकट्या सिनॅप्सचा (दोन न्यूरॉनमधल्या सांध्याचा) जवळजवळ नाहीच. वाटेत पटलातून प्रवाह झिरपत राहतो आणि टोकाला काही मिलिव्होल्टचा असलेला उठाव सोमापाशी जेमतेम जाणवतो. पण एकाच बारीक फांदीवरचे शेजारशेजारचे दहा ते पन्नास सिनॅप्स काही मिलिसेकंदांत एकदम चेतले, तर गोष्ट वेगळी. एनएमडीए रिसेप्टरच्या (सिनॅप्सवरच्या आयन-दाराच्या) छिद्रात मॅग्नेशियमचं बूच असतं. व्होल्टेज चढलं की ते निघतं, सोडियम-कॅल्शियम आत घुसतं, व्होल्टेज आणखी चढतं. व्होल्टेजची ही उसळी म्हणजे एनएमडीए स्पाइक; तो कित्येक दहा मिलिसेकंद टिकतो. तेवढेच सिनॅप्स झाडभर विखुरलेले असतील तर तो सहसा पेटत नाही. ‘न्यूरॉन आलेल्या सिग्नलांची फक्त बेरीज करतो’ हे वाक्य क्रमिक पुस्तकांतून आता काढायलाच हवं.

ॲक्शन पोटेन्शियल (न्यूरॉनचा मुख्य स्पाइक) ॲक्सॉनमधून (सिग्नल बाहेर नेणाऱ्या तंतूतून) पुढे जातं. मग ते डेंड्राइटमध्ये उलटं कशाला शिरतं?

डेंड्राइटमध्येही सोडियम चॅनेल (सोडियम आत सोडणारी दारं) असतात म्हणून. स्टुअर्ट आणि साकमान यांनी 1994 मध्ये सोमा आणि डेंड्राइट यांचं एकाच वेळी रेकॉर्डिंग करून हे दाखवलं. स्पाइक उलट वर जात असतानाच, साधारण 5 मिलिसेकंदांच्या आत, टोकाकडे इनपुट आलं तर वरच्या फाट्याजवळ कॅल्शियम स्पाइक पेटतो आणि एकाऐवजी दोन-तीन स्पाइकची झड लागते. मार्टिनोटी या दाबून धरणाऱ्या पेशींनी टोकाला अडवलं की ही झड बंद.

मेंदूच्या स्लाइसवर (पातळ जिवंत कापावर) एचसीएन चॅनेलचा (पेशी शांत असतानाही थोडा प्रवाह आत सोडणाऱ्या दाराचा) ब्लॉकर, म्हणजे तो बंद करणारं औषध, टाकला. पेशी थंड पडेल असं वाटलं होतं, उलट जास्त चेतते. असं का?

एचसीएन प्रवाह बंद झाल्यावर विराम-व्होल्टेज (पेशी शांत असतानाचं) काही मिलिव्होल्ट खाली जातं, इथवर तुमचं बरोबर. पण हे चॅनेल डेंड्राइटच्या टोकाकडे दाट असतात आणि पटल गळकं ठेवतात. ते मिटले की इनपुट रेझिस्टन्स (प्रवाहाला पेशीचा विरोध) वाढतो, प्रत्येक सिनॅप्टिक उठाव उंच होतो आणि लांबतो, त्यांची बेरीज साचते. ऋण करंट देऊन पाहा: सॅग (खाली गेलेलं व्होल्टेज पुन्हा थोडं वर येणं) गेला असेल तर औषध लागू पडलंय.

कॅल्शियम स्पाइक कधीच दिसत नाही.

आधी स्लाइसचा कोन तपासा. 300 मायक्रॉनच्या कापात वरचं डेंड्राइट पृष्ठभागाजवळ छाटलं गेलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. तापमान 34 अंशांच्या आसपास ठेवा. डेंड्राइटसाठी रेकॉर्डिंगचं काचेचं पिपेट बारीक लागतं, 8 ते 12 मेगाओहमचं. सिरीज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्यातला विरोध) मध्येच चढला तर स्पाइक बुटका, गोलसर दिसतो आणि दोष नाहक पेशीला लागतो.