चावीच्या मीटरवरून महिन्याच्या बिलावर कसं यायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये लेस्टरला भाड्याच्या घरात येऊन दोन महिने झालेत, विजेला चावी आणि गॅसला कार्ड आहे (म्हणजे प्रीपेमेंट मीटर: आधी पैसे भरायचे, मग वापरायचं), दर तीन-चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानात टॉप-अपसाठी जावं लागतं, घरी वर्षाचं बाळ आहे, आणि एजंट सांगतो की 'या घराला प्रीपेमेंटच आहे, ते बदलत नाही'.

बदलतं. घरमालक वीज-गॅस भाड्यातच धरत असता तर निर्णय त्याचा होता. इथे पैसे तुम्ही भरता, म्हणजे ग्राहक तुम्ही आहात. टेनन्सी अ‍ॅग्रीमेंटमध्ये मीटरबद्दल कलम आहे का ते आधी वाचा. काही ठिकाणी 'घर सोडताना मीटर होता तसा करून द्यावा' असं लिहिलेलं असतं. ते वाचून एजंटला एक ईमेल टाका, 'मी सप्लायरकडे मीटर बदलण्याची विनंती करत आहे' एवढाच. सप्लायर म्हणजे तुम्हाला वीज-गॅस पुरवणारी कंपनी. एजंटशी फोनवर बोलू नका, लेखी ठेवा.

पण मीटर बदलण्याआधी खातं आणि चावी-कार्ड स्वतःच्या नावावर करून घेण्याचं एक काम आहे आणि बहुतेक लोक ते विसरतात. मीही विसरलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या पहिल्या घरात एजंटने आधीच्या भाडेकरूची चावी आणि कार्ड हातात दिलं आणि मी तेच वापरत राहिलो. दहा पौंड भरले की मीटरवर साडेसहाच्या आसपास दिसायचे. मला वाटलं, इथली ऊर्जाच महाग असेल. पाच महिन्यांनी शेजारच्या पंजाबी काकांनी विचारलं, 'चावी तुमच्या नावाची आहे ना?' तेव्हा कळलं की मीटरमध्ये आधीच्या माणसाची थकबाकी बसवलेली होती आणि दर आठवड्याला तिचा हप्ता माझ्या पैशांतून वळता होत होता. त्याच हिवाळ्यात एका दुपारी गॅस संपला. मी कामावर, घरी बायको आणि सात महिन्यांची मुलगी, आणि कार्ड माझ्या खिशात. मी घरी पोचलो तेव्हा दोघी दोन रजयांखाली होत्या. ती दुपार मी विसरलेलो नाही, म्हणून अशा प्रश्नाला मी नेहमी लांब उत्तर लिहितो. पैसे पुढे परत मिळाले, कारण घराचा ताबा घेतल्याची तारीख अ‍ॅग्रीमेंटवर होती. मात्र मीटरच्या पहिल्या रीडिंगचा फोटो नव्हता, त्यामुळे हिशेब जुळवायला तीन महिने गेले.

तर आज संध्याकाळी दोन्ही मीटरचे फोटो काढा: रीडिंग, शिल्लक रक्कम आणि मीटरवरचा अनुक्रमांक, तिन्ही दिसतील असे. बटण दाबत गेलं की पडद्यावर एकामागून एक माहिती येते. त्यात 'डेट' (Debt, म्हणजे थकबाकी) किंवा आठवड्याची वसुली दिसते का बघा. मग सप्लायरला फोन करून खातं स्वतःच्या नावावर करा, घरात आलात ती तारीख सांगा, आणि नवीन चावी, नवीन कार्ड मागा. वीज आणि गॅसचे सप्लायर वेगळे असू शकतात, तेव्हा दोन फोनांची तयारी ठेवा. विजेच्या जोडणीला १३ आकडी एमपॅन असतो, गॅसच्या जोडणीला एमपीआरएन. हे दोन नंबर वहीत लिहून ठेवले की पुढचं प्रत्येक बोलणं सोपं होतं. घर फ्लॅटमध्ये असेल आणि सगळे मीटर एकाच कपाटात असतील, तर घरातलं सगळं बंद करून आपला मीटर थांबतो का तेही तपासा. शेजाऱ्याचं बिल आपण भरतोय, असंही निघालेलं आहे.

आता बदलाकडे. इथे सगळं मीटर कोणता आहे यावर ठरतं. स्मार्ट मीटर (रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारा) प्रीपे पद्धतीवर चालू असेल, तर सप्लायर तो दुरूनच बिलाच्या पद्धतीवर नेऊ शकतो, घरी कुणी यायची गरज नसते. तुमच्याकडे चावी आणि कार्ड आहे, म्हणजे जुना मीटर. त्यासाठी इंजिनिअर येऊन मीटर काढतो आणि हल्ली बहुधा स्मार्ट मीटरच बसवतो. मोठे सप्लायर सहसा याचे पैसे घेत नाहीत, पण फोनवर 'शुल्क आहे का' हे स्पष्ट विचारा. फोनवर हेही म्हणा की नवीन मीटर क्रेडिट पद्धतीवर, म्हणजे आधी वापर मग बिल असा, हवा. हे न सांगितल्यामुळे नवा कोरा स्मार्ट मीटर पुन्हा प्रीपेवरच चालू झालेला मी पाहिलाय.

इंजिनिअरची वेळ घेताना हिवाळ्यातली शुक्रवारची दुपार टाळा. गॅसचा मीटर बदलताना तो बॉयलर आणि शेगडीही तपासतो, आणि त्यात धोका दिसला तर ते उपकरण बंद करून जातो. त्याचं ते बरोबरच आहे, पण बाळ घरात असताना शनिवार-रविवार बॉयलरविना काढावा लागेल. मंगळवार-बुधवारची सकाळ घ्या. घरमालकाकडून गॅस सेफ्टीचा दाखलाही मागून घ्या, तो दरवर्षी करून घेणं त्याला बंधनकारक आहे.

आता अडचण येते ती क्रेडिट चेकची, म्हणजे पैसे फेडण्याच्या तुमच्या जुन्या नोंदी तपासण्याची. बिल म्हणजे आधी वापर, मग पैसे, म्हणजे सप्लायर तुम्हाला उधार देतो. आपण नुकते भारतातून आलेले असतो, इथल्या नोंदीत आपला इतिहासच नसतो, आणि नकार येतो किंवा अनामत मागतात. यावर माझा पहिला सल्ला मतदार यादीत नाव घालण्याचा आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणारे भारतीय नागरिक मतदार म्हणून नोंदणी करू शकतात, आणि मतही देऊ शकतात. आपल्यातल्या कितीतरी लोकांना हे माहीत नसतं. त्या नोंदीने पत्ता पक्का होतो आणि क्रेडिट चेकला मदत होते. दुसरं, बँक खातं आणि फोनचं कॉन्ट्रॅक्ट याच पत्त्यावर असू द्या. तिसरं, एका सप्लायरने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारा, सगळ्यांचे निकष सारखे नसतात.

तुमच्या स्वतःच्या नावावर थकबाकी असेल तर ती आधी फेडायला सांगतील. प्रीपेमेंटवर असताना प्रत्येक इंधनामागे ५०० पौंडांपर्यंत थकबाकी असली तरी सप्लायर बदलता येतो, थकबाकी तुमच्याबरोबर नव्याकडे जाते. हप्ता झेपत नसेल तर तो कमी करून मागता येतो. सप्लायरला तुमची ऐपत विचारात घ्यावी लागते.

'प्रीपे महाग पडतं म्हणून बदलायचं' असं तुम्ही लिहिलंय, तिथे मात्र मी तुम्हाला थांबवतो. पूर्वी ते खरं होतं. पण एप्रिल २०२४ पासून ऑफजेम या ऊर्जा नियामकाने स्टँडिंग चार्जमधला (वापर नसला तरी रोज लागणाऱ्या ठरावीक आकारातला) फरक मिटवला, आणि प्राइस कॅपखालच्या (ऑफजेमने ठरवलेल्या कमाल मर्यादेखालच्या) साध्या दरात प्रीपेमेंट आता डायरेक्ट डेबिटपेक्षा (बँक खात्यातून दरमहा आपोआप पैसे जाण्यापेक्षा) किंचित स्वस्तच आहे. सगळ्यात महाग पडतं ते बिल आल्यावर हाताने भरणं. म्हणजे बदलाल तर डायरेक्ट डेबिटवरच जा. पैशांचा फायदा आहे तो पुढे, कारण ठरावीक मुदतीचे स्वस्त टॅरिफ बहुतेक डायरेक्ट डेबिटवाल्यांनाच मिळतात. शिवाय मध्येच गॅस बंद पडत नाही, आणि माझ्या दृष्टीने तुमच्यासाठी तेच खरं कारण आहे.

डायरेक्ट डेबिटची रक्कम वर्षाच्या अंदाजाचे बारा भाग करून ठरते. उन्हाळ्यात पैसे जमतात, हिवाळ्यात वापरले जातात. ऑक्टोबरमध्ये सुरुवात केलीत तर जमा काहीच नसताना थेट थंडी येते, आणि खातं लगेच उणे जातं. तेव्हा घाबरू नका, पण रीडिंग दर महिन्याला द्या किंवा स्मार्ट मीटरकडून जातंय का ते तपासा. अंदाजाच्या बिलावर विसंबू नका. सप्लायरच्या चुकीमुळे बिल राहून गेलं तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे ते मागू शकत नाहीत, हा नियम लक्षात ठेवा. ज्यांचं उत्पन्न आठवड्यागणिक बदलतं, त्यांना मी बदलाचा आग्रह करत नाही. हातात असेल तेवढंच भरायचं, हे त्यांना सोयीचं पडू शकतं.

पुढे बिल थकलं तर परत जबरदस्तीने प्रीपेमेंट बसवतील का, अशी भीती तुमच्या यजमानांना वाटते असं लिहिलंय. २०२३ च्या सुरुवातीला आजारी, असहाय लोकांच्या घरात शिरून असे मीटर बसवल्याचं उघड झालं आणि ते काम देशभर थांबवावं लागलं. त्यानंतर नियम कडक झाले. दोन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात सक्तीने प्रीपेमेंट बसवता येत नाही. बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत तुम्ही प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्येही (जास्त मदतीची गरज असलेल्या ग्राहकांच्या यादीत) नाव घालू शकता. ते मोफत आहे, आणि पहिल्याच फोनवर करून टाका.

सप्लायर टाळाटाळ करत राहिला तर 'ही माझी तक्रार म्हणून नोंदवा' हे शब्द वापरा आणि तारीख लिहून ठेवा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणाऱ्याकडे) जाता येतं. त्याचे पैसे लागत नाहीत आणि तुम्ही निर्णय मान्य केलात तर तो सप्लायरला पाळावाच लागतो. बोलायला अवघड वाटत असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही सल्ला देणारी संस्था मोफत मदत करते.

मीटर बदलायच्या दिवसापर्यंत टॉप-अप बेताचा ठेवा. त्या दिवशी इंजिनिअरसमोर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि शिल्लक, आणि नव्या मीटरचं पहिलं रीडिंग, असे फोटो घ्या. पहिल्या बिलावरचा मीटर क्रमांक नव्या मीटरशी ताडून बघा. उरलेले पैसे खात्यात जमा होईपर्यंत जुनी चावी आणि कार्ड टाकून देऊ नका.