पहिला नंबर कुणाचा, हा प्रश्न सोड

सोलापूर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळी अंकासाठी तू लिहायला घेतलेल्या लेखाचा आराखडा मिळाला. जगातल्या दहा ताकदवान टोळ्या, प्रत्येकीपुढे वार्षिक उलाढाल, माणसांची संख्या, म्होरक्याचं नाव. तक्ता देखणा झालाय, पण त्यातले आकडे मोजले कुणी? टोळ्या ताळेबंद छापत नाहीत. हे अब्जावधी डॉलर म्हणजे पकडलेल्या मालावरून बांधलेले अंदाज असतात, आणि अंदाज बांधणाऱ्यालाही आकडा मोठा दिसलेला आवडतो. मेक्सिकोतल्या टोळीचा म्होरक्या ‘एल चापो’ गुझमान याला अमेरिकेत २०१९ मध्ये जन्मठेप झाली तेव्हा कोर्टाने १२.६ अब्ज डॉलरच्या जप्तीचा आदेश दिला. ती रक्कमसुद्धा विकल्या गेलेल्या अमली मालाच्या हिशेबाने काढलेली. कुणी तिजोरी उघडून नोटा मोजल्या नव्हत्या.

तक्ता फाडू नकोस. त्यात एक रकाना वाढव आणि तो सगळ्यांत आधी भर: ज्याने काही गुन्हा केलेला नाही, अशा माणसाला या टोळीच्या दारात का जावं लागतं? हा रकाना भरायला बसलीस की दहातल्या चार-पाच टोळ्या आपोआप खाली सरकतील. पैसा अफाट, पण गावात कुणाचं त्यांच्यावाचून अडत नाही, अशाही टोळ्या असतात. आणि पैसा बेताचा, पण त्यांना विचारल्याशिवाय दुकानाचं शटर वर जात नाही, अशाही.

सुरुवात सिसिलीपासून कर. हा धंदा जन्माला येताना तिथे स्पष्ट दिसतो. १८६० च्या सुमारास सिसिली नव्या इटलीत गेली. सरंजामी कायद्याने आधीच मोडली होती, जमिनींचे मालक बदलत होते, आणि भरवशाचे म्हणावेत असे पोलीस नव्हते. पालेर्मोभोवती लिंबाच्या बागा होत्या. स्कर्व्ही या खलाशांच्या रोगावर लिंबू चालतं हे आरमारांना कळल्यापासून त्या लिंबांना परदेशात भाव आला होता. सांगोल्याकडच्या कुठल्याही डाळिंबवाल्याला विचार, माल तोडणीला आला की त्याला झोप लागते का. एका रात्रीत बाग साफ होऊ शकते, म्हणून राखण ठेवावीच लागते. पालेर्मोत राखणदार ठरावीक लोकांकडूनच घ्यावा लागे. नाही घेतला तर चोरी व्हायचीच. पाण्याच्या पाळ्याही हळूहळू त्यांच्याच हातात गेल्या. चोर आणि राखणदार एकाच घरचे. पुढे सिगारेट, हेरॉइन, बांधकामाची कंत्राटं असं बरंच काही आलं, पण पाया राखणीचा राहिला.

इटलीच्या कायद्याने ही गोष्ट फार उशिरा ओळखली. १९८२ च्या एप्रिलमध्ये खासदार पिओ ला तोर्रे मारले गेले आणि सप्टेंबरमध्ये टोळ्यांविरुद्ध पालेर्मोत पाठवलेले जनरल दाल्ला किएझा. मग कुठे ला तोर्रेंनी मांडलेला कायदा मंजूर झाला. त्यातलं ४१६ बिस हे कलम मुळातून वाच, इंग्रजी भाषांतर सहज मिळेल. टोळीला तीन माणसं पुरेत असं ते म्हणतं. बंदुका असल्या तर शिक्षा वाढते, पण मुख्य कसोटी वेगळीच आहे. टोळीच्या नुसत्या नावाने लोक दबतात का, तोंड उघडत नाहीत का, आणि त्या दबावावर टोळी धंदे, कंत्राटं, परवाने मिळवते का? कायद्याच्या पुस्तकात भीतीची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. याच कायद्याने मालमत्ता जप्तीची वाट मोकळी केली. त्या बळावर फाल्कोने आणि बोर्सेलिनो या तपास न्यायाधीशांनी बँकांचे कागद उपसून जो खटला उभा केला, तो १९८६ मध्ये पालेर्मोत सुरू झाला. सुमारे ४७५ आरोपी, तुरुंगाला लागून बांधलेलं बंदिस्त कोर्ट, डिसेंबर १९८७ मध्ये ३३८ जणांना शिक्षा. जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मोठ्या प्रमाणात कायम केला. मे महिन्यात फाल्कोने आणि जुलैत बोर्सेलिनो स्फोटात मारले गेले.

तुझ्या आराखड्यात हे दोघे आहेत. लिबेरो ग्रासी नाहीत. चादरी-टॉवेलच्या गावात वाचल्या जाणाऱ्या लेखात हा माणूस हवाच. पालेर्मोत त्यांचा पायजमे आणि आतले कपडे शिवण्याचा कारखाना होता, शंभरेक कामगार. खंडणीचे फोन येऊ लागले. १० जानेवारी १९९१ रोजी त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात खंडणीबहाद्दराला उद्देशून उघड पत्र छापलं. आशय असा, की धमक्यांचे फोन आणि बॉम्ब-गोळ्यांचा खर्च वाचवा, मी देणार नाही, पोलिसांना कळवलं आहे. इतर उद्योजकांनी त्यांना साथ दिली नाही. उलट या माणसाने उगाच गावाची अब्रू काढली, असा सूर होता. २९ ऑगस्टला सकाळी कामावर निघालेल्या ग्रासींना घराजवळ गोळ्या घातल्या. वय ६७.

तेरा वर्षांनी, २००४ च्या जून महिन्यात, एका सकाळी पालेर्मोच्या भिंतींवर आणि खांबांवर छोटे कागद चिकटवलेले दिसले: जी जनता खंडणी देते ती स्वाभिमान नसलेली जनता आहे. काही तरुण पोरांचं हे काम. त्यांची ‘अड्डिओपिझ्झो’ ही चळवळ पुढे वाढली, आणि तिने केलेली गोष्ट मला फार हुशारीची वाटते. खंडणी न देणाऱ्या दुकानांची यादी तिने केली आणि आम्ही याच दुकानांत खरेदी करू, असं गिऱ्हाइकांकडून लिहून घेतलं. ग्रासी एकटे होते म्हणून त्यांना मारणं सोपं गेलं. शेकडो दुकानदारांना असं एकेकटं गाठता येत नाही. तुझ्या लेखाचा मोठा भाग इथे खर्च झाला तरी चालेल.

इटलीतच राहून कालाब्रियातल्या ’न्द्रांगेताकडे ये. आज इटलीतली सर्वांत ताकदवान टोळी म्हणून बहुतेक तपास अधिकारी हिचंच नाव घेतील. कोसा नोस्त्राची, म्हणजे सिसिलीच्या माफियाची, मोठमोठी माणसं फुटली. बुस्केत्तासारखा माणूस १९८४ पासून बोलायला लागला आणि त्याच्या साक्षीवर खटला उभा राहिला. इथे तसं फारसं झालं नाही, कारण इथली प्रत्येक शाखा म्हणजे एक कुटुंब. साक्ष द्यायची तर बापाविरुद्ध, चुलत्याविरुद्ध, सासऱ्याविरुद्ध. सोयरिकीही याच हिशेबाने जुळवलेल्या. २००७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत ड्यूसबर्ग शहरात एका इटालियन हॉटेलाबाहेर सहा जण मारले गेले. ते भांडण सान लुका या डोंगरातल्या लहानशा गावातल्या दोन घराण्यांचं होतं. युरोपला त्या रात्री जाग आली. याच टोळीवरच्या लामेझिया तेर्मेच्या मोठ्या खटल्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये दोनशेहून अधिक जणांना शिक्षा झाली. आरोपींमध्ये वकील होते, सरकारी माणसं होती, एक माजी खासदारही होता. तुझा पहिला रकाना भरायला हे नीट वाच.

जपानचं उदाहरण तू ‘याकुझा, अंगभर गोंदण, कापलेली करंगळी’ एवढ्यावर संपवलं आहेस. सिनेमावाल्यांना सोडून दे ते. यामागुची-गुमी १९१५ मध्ये कोबेत सुरू झाली, तिच्या कार्यालयांवर पाट्या असत, आणि आजही अशा टोळीचा नुसता सभासद असणं हा जपानमध्ये गुन्हा नाही. हाँगकाँगमध्ये मात्र ट्रायडचा, म्हणजे तिथल्या चिनी टोळीचा, सभासद असणं हाच गुन्हा. (तुलना करायचीच तर ही कर, ट्रायडवर याहून जास्त जागा घालवू नकोस.) जपानने १९९२ पासून ठरावीक टोळ्यांना ‘नेमलेल्या’ ठरवून बंधनं घालायला सुरुवात केली. खरा घाव घातला तो २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत लागू झालेल्या नियमांनी. त्यांचा रोख टोळीवाल्यापेक्षा त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यावर होता. टोळीला फायदा होईल असा व्यवहार केलास तर तुझं नाव जाहीर करू, असं दुकानदाराला, बँकेला, घरमालकाला सांगितलं. मग भाडेकरारात, बँकेच्या अर्जात, सगळीकडे ‘मी टोळीचा सभासद नाही’ हे कलम आलं. खोटं लिहून मोबाइल घेतला, गोल्फ खेळला, तरी अटक. टोळी सोडल्यावरही साधारण पाच वर्षं खातं उघडणं मुश्कील. १९६३ मध्ये पोलिसांच्या हिशेबाने जपानात १,८४,००० टोळीवाले होते. २०२४ अखेर ते २०,००० च्या खाली आले. यातली वाईट बाजूही लिही: सुटलेल्या माणसाला खातं नाही, घर नाही, नोकरी नाही. आणि जुन्या टोळ्यांच्या जागी इंटरनेटवरून भाड्याने पोरं जमवून दरोडे आणि फसवणूक करणारे बिनचेहऱ्याचे गट उभे राहिलेत. त्यांना पाटीही नाही आणि नियमही नाहीत.

मेक्सिकोबद्दल तुझं लिखाण बरं आहे, फक्त ते कोकेनमध्येच अडकलंय. १७ ऑक्टोबर २०१९ ची कुलियाकानची घटना तू घेतली आहेस, ती राहू दे. लष्कराने एल चापोच्या मुलाला पकडलं, टोळीने शहर पेटवलं, आणि सरकारने त्याला सोडून दिलं. ताकद म्हणजे काय ते त्या एका दुपारी दिसलं. पण मिचोआकानमध्ये टोळ्या अॅव्होकॅडो आणि लिंबूवाल्यांकडून पेटीमागे, किलोमागे पैसे घेतात, हेही लिही. तिथल्या इपोलितो मोरा या लिंबू बागायतदाराने २०१३ मध्ये गावकऱ्यांना घेऊन बंदूक उचलली. २०२३ च्या जूनमध्ये त्याला मारलं. दीडशे वर्षांनी, महासागरापलीकडे, पुन्हा लिंबूच. हा धागा मी फुकट देतोय, वापर.

ब्राझीलची पीसीसी तुझ्या यादीत आठवी आहे, माझ्या रकान्याने ती फार वर जाईल. १९९२ मध्ये साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी १११ कैदी मारले. पुढच्या वर्षी ताउबातेच्या तुरुंगात ही टोळी जन्मली, कैद्यांनी कैद्यांच्या संरक्षणासाठी काढलेली. पुढे तिच्या हुकमाशिवाय वस्तीत खून करायचा नाही असा नियम झाला. भांडणं मोबाइलवर ‘सुनावणी’ घेऊन मिटवली जाऊ लागली. साओ पाउलोतले खून घटण्यात या नियमाचाही वाटा आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. सरकार ते मान्य करत नाही, यात नवल नाही. हे लिहिताना तुझा हात कौतुकाकडे झुकेल, सांभाळ. ज्या वस्तीत न्याय हवा असेल तर टोळीकडेच जावं लागतं, तिथे टोळीने अन्याय केला तर अपील कुठे करायचं?

एक गोष्ट मी तुला आग्रहाने सांगणार आहे, कारण तू सोलापूरची आहेस. तुझ्या मसुद्यात ‘सिसिलियन लोक मुळातच’ असं एक वाक्य आहे. काढून टाक. आपल्या गावात सेटलमेंट होतं. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, आणि काटेरी तारेआड ठेवलेली ती माणसं हजेरी देऊन गिरणीत राबायला जात. कायदा १९५२ मध्ये गेला. चौकशीसाठी आधी त्यांच्या वस्तीत जायची सवय गेली का, ते त्या वस्तीतल्या कुणाला विचार. जपानच्या टोळ्यांत बुराकू या पिढ्यान्‌पिढ्या हिणवलेल्या समाजाची आणि कोरियन वंशाची पोरं जास्त का सापडत, एल साल्वादोरमध्ये २०२२ पासून गोंदण दिसलं म्हणूनही माणसं आत का गेली, हे तू इतरांपेक्षा नीट लिहू शकशील. टोळीचं नाव टोळीला लाव, जमातीला आणि प्रदेशाला नको.

भारतावर तू चार पानं दिली आहेस, त्यातली अडीच दाऊदवर. त्याची वंशावळ सगळ्यांना पाठ आहे, आटप. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली बेकार पोरं टोळ्यांच्या हाताशी कशी लागली, १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेल्यावर खंडणीच्या धंद्याचं रूप कसं बदललं, यावर दोन परिच्छेद पुरेत. मग १९९९ च्या मोक्काकडे ये. मोक्का दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं आहेत का ते मोजतो, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं १११ वं कलमही त्याच वाटेने जातं. इटलीचं कलम भीतीला हात घालतं. ज्याच्याविरुद्ध कुणी तक्रारच देत नाही अशा माणसाची दोषारोपपत्रं दोन कुठून होणार? हा प्रश्न आपल्याकडच्या वकिलांना विचार, त्यांची उत्तरं नावं न घालता छाप.

जवळचं उदाहरण लागलं तर मुंबईला जाऊ नकोस. यंत्रमागाच्या कारखानदाराला सूत रोखीने घ्यावं लागतं, मालाचे पैसे यायला महिने लागतात, बँक दारात उभं करत नाही. मग तो दहा टक्के महिन्याने पैसे उचलतो, आणि हप्ता चुकला की दोन पोरं येऊन ओट्यावर नुसती बसतात. २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, तक्रार निबंधकाकडे करता येते. तरी लोक का जात नाहीत, हे पाच जणांशी बोलून समजून घे. त्यांची नावं, पेठ, मागांची संख्या, काहीही छापायचं नाही. गाव लहान आहे, माणूस ओळखू येतो.

फोटोंचं: संपादक एल चापोचा मागतील. ग्रासींचा दे, आणि तो छापायची परवानगी आधी मिळव. इटालियन नावांचे उच्चार एकदा मला वाचून दाखव. शब्दमर्यादा तीन हजारांची आहे, म्हणून नेपल्सच्या कामोराला दोन ओळी पुरेत, रशियन टोळ्या सरळ गाळ, आणि उरलेली जागा जपानला दे. दुसरा मसुदा घेऊन पुढच्या आठवड्यात हिराचंद नेमचंद वाचनालयात ये, मी संध्याकाळी सहानंतर तिथे असतो.

तुझा,
काका