कैद्यांच्या हातात झाडू देण्याआधी

अगं, तुझा मेसेज नीट वाचला. नदीकाठ साफ करायला कैद्यांना बाहेर न्यायचं ही कल्पना तुमच्या ऑफिसात सगळ्यांना आवडलीये, साहेबांनी तुलाच नोट लिहायला सांगितलीये, आणि तुला मात्र काहीतरी खटकतंय पण ते नेमकं काय हे सांगता येत नाहीये. खटकतंय ते चांगलंच आहे, ते दाबून टाकू नकोस. माझं मत आधीच सांगून टाकते. कैद्यांनी असं काम करावं, जरूर करावं, पण ज्याला नको असेल त्याला सरळ नको म्हणता आलं पाहिजे आणि नको म्हटलं म्हणून त्याचं आतलं काहीही बिघडता कामा नये.

तू लिहिलंयस की त्यांनी समाजाचं नुकसान केलंय तर थोडं फेडू दे की. ऐकायला बरोबर वाटतं. पण कोर्टाने शिक्षा दिली ती कैदेची, माणूस घरापासून तुटतो, वर्षं जातात, हीच ती फेड. आणि ज्याने एखाद्या बाईची आयुष्यभराची बचत बुडवली त्याने नदीकाठचं प्लास्टिक उचललं तर तिला काय मिळालं? काहीच नाही. त्याला कामाचे पैसे मिळाले आणि त्यातला काही हिस्सा तिच्यापर्यंत पोचला तर मग फेड या शब्दाला काही अर्थ. म्हणून नोटमध्ये फेड, प्रायश्चित्त असले शब्द घालूच नकोस, ते आले की मजुरीचा मुद्दा आपोआप मागे पडतो.

हा प्रयोग नवा नाही हेही साहेबांना सांग. १७८६ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाने कायदाच केला होता, फाशीच्या किंवा फटक्यांच्या शिक्षेऐवजी बऱ्याच गुन्हेगारांना सार्वजनिक कामाला लावायचं, आणि मग फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर डोकी भादरलेले, वेगळे ओळखू येतील असे कपडे घातलेले, पायात लोखंडी गोळा बांधलेले कैदी हातगाड्या घेऊन साफसफाई आणि दुरुस्ती करताना दिसायला लागले. हेतू वाईट नव्हता बरं का, फाशी कमी व्हावी म्हणूनच तो कायदा आला होता, आणि लोकांनी बघितलं की त्यांना धाक बसेल, कैद्याला लाज वाटून तो सुधारेल असा हिशोब होता. झालं भलतंच. बघ्यांची गर्दी जमायची, शिवीगाळ व्हायची, भांडणं व्हायची, कोणी कैद्यांना गुपचूप दारू द्यायचं, आणि कैदी सुधारायचे सोडून आणखी निर्ढावत गेले. बेंजामिन रश नावाचे डॉक्टर होते, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, त्यांनी १७८७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांच्या घरी जमलेल्या मंडळींसमोर निबंध वाचून मांडलं की चारचौघांत दिलेली शिक्षा माणसाची लाजच मारून टाकते, आणि ज्याची लाज गेली त्याला सुधारायचं कशाच्या जोरावर? १७९० पर्यंत तो प्रकार गुंडाळावा लागला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की काम तेच होतं, रस्ता साफ करण्याचं, आणि त्यात स्वतःहून वाईट काहीच नव्हतं. त्याचं प्रदर्शन केलं तिथे ते बिघडलं.

आणि प्रदर्शनाचा मोह आजही सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून समाजसेवेची शिक्षा भोगणाऱ्यांना पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘कम्युनिटी पेबॅक’, म्हणजे समाजाची परतफेड, असं लिहिलेली भडक जॅकेटं घालायला लावली. रस्त्याच्या कडेला काम करताना भडक जॅकेट सुरक्षेसाठी लागतंच, त्याला माझी काही हरकत नाही, पण पाठीवरच्या अक्षरांमुळे गाडीखाली येण्यापासून कोणाचा जीव वाचतो सांग बघू? तुमच्याकडेही फोटोग्राफर येतील, पाहुणे येतील, हातात झाडू घेऊन रांगेत उभं करतील. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे नियम सुधारून घेतले, त्यांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात, त्यातला ७३ वा नियम सांगतो की कैद्याला ने-आण करताना तो लोकांच्या नजरेस कमीत कमी पडावा, अपमान, कुतूहल आणि प्रसिद्धी यांपासून त्याला जपावं. नोटमध्ये साफ लिही, चेहरा दिसेल असा एकही फोटो नाही. त्याची मुलगी शाळेत जाते गं, तिच्या वर्गात तो फोटो फिरला तर ती शिक्षा कोणी दिली?

त्याच नियमांमध्ये एक बदल आहे तो मात्र नीट बघ, कारण तुझ्या खटकण्याचं मूळ मला वाटतं तिथेच आहे. १९५५ च्या जुन्या नियमांत म्हटलं होतं की शिक्षा झालेल्या कैद्यांना काम करावंच लागेल. २०१५ मध्ये ते वाक्य बदललं आणि कैद्यांना काम करण्याची संधी मिळावी असं झालं. साठ वर्षांत जग सक्तीकडून संधीकडे सरकलंय. सगळं जग नाही अर्थात. अमेरिकेत १८६५ च्या १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल अशी फट ठेवली, कोलोरॅडोने २०१८ मध्ये आपल्या राज्यघटनेतून अशी फट काढली, नंतर आणखी काही राज्यांनी काढली, आणि कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये मतदारांनी सक्तीचं काम थांबवायला नकार दिला. म्हणजे वाद जिवंत आहे, तू एकटीच कुठेतरी अडकलीयेस असं समजू नकोस.

आता अवघड भाग. आतल्या माणसाचा होकार खरा कसा ओळखायचा? तुमचे लोक म्हणतील की आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही, जो येईल त्याला जास्तीची माफी, म्हणजे शिक्षेच्या दिवसांत सूट, देऊ. पण जेलमध्ये माफीचा एक दिवस म्हणजे काय असतं ते तू आता जवळून बघतेयस, त्यासाठी माणूस ताप अंगावर घेऊन उन्हात उभा राहील, पाठ धरलेली असली तरी सांगणार नाही, आणि याला आपण स्वेच्छा म्हणणार? माफी देऊच नका असं मी म्हणत नाही. पण तेवढीच माफी आत लायब्ररीत, स्वयंपाकघरात, शिलाईच्या कामातही मिळाली पाहिजे, म्हणजे नदीवर न जाण्याचा पर्याय खरोखरचा राहील. आणि होकार बराकीतल्या सगळ्यांसमोर हात वर करून घ्यायचा नाही, एकेकट्याला विचारायचं, विचारणारा माणूस त्याच्या रोजच्या पहाऱ्यावरचा नसावा. हे तूच करू शकतेस.

कच्च्या कैद्यांना यादीत धरूच नका. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्यांना काम देऊ केलं तर चालतं पण करायला लावता येत नाही, आणि लोकांसमोर झाडू देऊन उभं केलं तर निकालाआधीच निकाल लागला.

एक गल्लत मात्र होऊ देऊ नकोस. तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा ही वेगळी गोष्ट आहे. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती आलीये, पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी आणि वस्तू परत केलेली, किंवा दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, अशा लहान गुन्ह्यांसाठी. तिथे कामाला मोबदला नाही असं कायद्यातच आहे, कारण काम हीच शिक्षा आणि माणूस रात्री घरी झोपतो. हे उदाहरण दाखवून कोणी म्हणेल की मग कैद्यांनाही पैसे कशाला, तर सांग की कैदी आधीच कैद भोगतोय, त्याच्यावर दुसरी शिक्षा चढवायला आपण कोर्ट नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सक्तमजुरीच्या कैद्यांना रास्त मजुरी मिळाली पाहिजे असंच सांगितलंय.

पैशाचा प्रश्न फक्त कैद्याचाही नाही. तो नदीकाठ आज कोण साफ करतं ते शोधून काढ. तिथे रोजंदारीवर बायका काम करत असतील आणि उद्या फुकटात कैदी आले तर त्यांचा रोज गेला, आणि कैद्यांबद्दल राग वाढला तो वेगळाच. काम कंत्राटदाराला दिलेलं असेल तर आणखी सावध, १९३० च्या सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारातसुद्धा कैद्याच्या कामाला सूट मिळते ती सरकारी देखरेखीखाली आणि खाजगी माणसाच्या किंवा कंपनीच्या हवाली न करण्याच्या अटीवर. म्हणून जे काम एरवी होतच नाही तेच घ्या, गाळात रुतलेला जुना कचरा, पुरानंतरची सफाई.

आणि यादी कोणी केली ते तपास, प्लीज. साफसफाई म्हटलं की कुठल्या घरातली माणसं पुढे ढकलली जातात हे तुला मी सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेल मॅन्युअलमधल्या जातीवर काम वाटणाऱ्या तरतुदी रद्द केल्या, रजिस्टरमधला जातीचा रकानाच काढायला सांगितला. रकाना गेला तरी वॉर्डनच्या डोक्यातली यादी जात नाही. नावं आली की एकदा आडनावं वाचून बघ, सगळी एकाच बाजूची दिसली तर तिथेच थांबव.

ग्लोव्ह्ज, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन, पिण्याचं पाणी, आठवड्यातून एक सुट्टी, हे बाहेरच्या कामगाराला जसं तसंच. सुया आणि काचा उचलायला चिमटे, हातांनी नाही.

एवढं सगळं वाचून तुला वाटेल की मग नकोच ते. तसं नाही गं. बाहेर आलेल्या माणसांबरोबर इतकी वर्षं काम करताना मी बघितलंय की खूप काळ आत राहिलेल्याला रस्ता ओलांडायची भीती वाटते, अनोळखी माणसाशी बोलायची भीती वाटते. सुटायच्या आधी सहा महिने, वर्षभर बाहेर जाऊन काम करायला मिळालं, हातात मजुरी आली, कोणी सहज ‘दादा, जरा ही पिशवी पण घेता का’ म्हटलं, तर त्याचं मोल फार मोठं आहे. शक्य असेल तर तिथल्या रहिवाशांनाही सोबत कामाला घ्या, बघायला नाही, कामाला. आणि कचरा वेगळा करणं, कंपोस्ट, छोटी यंत्रं चालवणं असलं काही शिकवा, ज्याचा सुटल्यावर उपयोग होईल, आणि सर्टिफिकेटवर जेलचं नाव येऊ देऊ नका.

नोटचा कच्चा मसुदा झाला की मला पाठव, रविवारी बसून वाचते. साहेब मजुरीच्या आकड्यावर अडतील असा माझा अंदाज आहे, तेव्हा तो आकडा आधी लेबर ऑफिसातून लेखी घेऊन ठेव.

तुझी,
ताई