एन्क्रिप्शनचा अल्गोरिदम जाहीर स्पर्धा घेऊन का निवडतात? गुप्त ठेवला तर जास्त सुरक्षित राहणार नाही का?

तुम्ही म्हणताय ते म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ही मूठ कुणीतरी उघडतंच. लंडनच्या ऑयस्टर कार्डात बरीच वर्षं मायफेअर क्लासिक चिप होती आणि तिचा क्रिप्टो-१ हा अल्गोरिदम गुप्त होता. २००७-०८ मध्ये संशोधकांनी चिप थराथराने तासली, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि सर्किट वाचून काढलं. आत निघाली ४८ बिटांची की (गुप्त किल्ली), आणि तीही फार तग धरणारी नव्हती.

मी मीटर-सेन्सरचं फर्मवेअर लिहितो, त्यामुळे ऑथेंटिकेटेड एन्क्रिप्शनबद्दलच बोलतो, म्हणजे मजकूर लपवणं आणि तो वाटेत बदलला नाही ना हे तपासणं, दोन्ही एकत्र. मजकूर नुसता लपवून भागत नाही. समजा संदेशात रक्कम आहे 1000, आणि एन्क्रिप्शन काउंटर मोडचं आहे, म्हणजे मजकुरावर की-स्ट्रीम (कीपासून बनलेली बिटांची रांग) एक्सॉर केलेला: की-स्ट्रीमचा बिट 1 असेल तिथे मजकुराचा बिट उलटवलेला. आस्की या अक्षरांच्या संकेतात 1 म्हणजे 00110001 आणि 9 म्हणजे 00111001. फरक एका बिटाचा. वाटेतल्या माणसाला की नको, मजकूरही वाचायला नको. रक्कम कुठल्या बाइटवर आहे एवढं ठाऊक असलं की तो एक बिट उलटवायचा आणि पलीकडे 9000 पोचतात. म्हणून संदेशासोबत एक टॅग जातो. कीशिवाय तो बनवता येत नाही, आणि टॅग जुळला नाही तर संदेश सरळ फेकून द्यायचा.

ही लपवणी आणि तपासणी लोक आपापल्या परीने जोडत होते आणि त्यात वारंवार फसत होते. वायफायच्या वेप या जुन्या सुरक्षा पद्धतीत टॅगच्या जागी साधा सीआरसी होता, म्हणजे चुका पकडायची बेरजेसारखी खूण, जी कुणालाही काढता येते. बिट उलटवणारा तोही बिनकीचा दुरुस्त करून ठेवायचा! म्हणून २०१३ मध्ये सीझर नावाची स्पर्धा जाहीर झाली. सचिव होते क्रिप्टोग्राफर डॅनियल बर्नस्टीन. मार्च २०१४ पर्यंत ५७ प्रवेशिका आल्या. डिझाइन सगळ्यांसमोर उघडं, आणि वाटेल त्याने हल्ला करावा.

माझ्या मते स्पर्धेची खरी कमाई हरलेल्यांत आहे. सीबीम, फेझर, पीएईएस हे पहिल्याच फेरीत मागे घेतले गेले. मोरस तर शेवटच्या सातांत पोचला होता. २०१८ मध्ये त्याच्या की-स्ट्रीममध्ये रेषीय सहसंबंध सापडले, म्हणजे बिट दिसायला हवेत तितके यादृच्छिक नव्हते. व्यवहारात त्याने कुणाचं काही बिघडलं नसतं, पण फेब्रुवारी २०१९ च्या अंतिम यादीत तो नव्हता. यादीत सहाच राहिले, तेही तीन वेगवेगळ्या कामांसाठी: छोट्या उपकरणांना अ‍ॅस्कॉन आणि एकॉर्न, वेगासाठी एजिस-१२८ आणि ओसीबी, आणि चुका पचवण्यासाठी डिऑक्सिस-२ आणि कोल्म.

'चुका पचवणं' म्हणजे काय ते मी स्वतः शिकलोय. दर पॅकेटला नवा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, लागतो. मी त्यासाठी रॅममध्ये काउंटर ठेवला होता. लाइट गेली, आली, काउंटर पुन्हा शून्यावर, की मात्र तीच. रिव्ह्यूला बसलेल्या सहकाऱ्याने काही न बोलता दोन पॅकेटं एक्सॉर करून स्क्रीनवर ठेवली. टॅग सोडला तर जवळपास सगळी शून्यं, कारण नॉन्स तोच म्हणून की-स्ट्रीमही तोच, तो एकमेकांत कटला, आणि दोन रीडिंगमध्ये फक्त शेवटचे आकडे बदलले होते. आम्ही जीसीएम ही ऑथेंटिकेटेड एन्क्रिप्शनची प्रचलित पद्धत वापरत होतो, आणि त्यात नॉन्स पुन्हा आला की टॅग बनवण्याचं गुपितही गळायला लागतं. डिऑक्सिस-२ मध्ये हीच चूक झाली असती तर तोच संदेश पुन्हा गेलाय का, एवढंच बाहेरच्याला कळलं असतं.

'गणिती सिद्धता असली की झालं ना?' असं कुणीतरी विचारेलच. ओसीबी-२ ची सिद्धता होती, आयएसओ मानकात जागाही होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सिद्धतेतली फट २०१८ मध्ये दोघा जपानी संशोधकांनी दाखवली, आणि खोटे संदेश बनवण्याची रीतही. (सीझरमधला ओसीबी ही पुढची आवृत्ती, तिला धक्का लागला नाही.) चौदा वर्षं कागद उघडाच होता, पण कुणी पुरेसं टोकून पाहिलं नव्हतं. स्पर्धेत प्रतिस्पर्धीच टोकतो, कारण तुमचा पडला तर त्याचा पुढे जातो.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने पुढे छोट्या उपकरणांसाठी वेगळी स्पर्धा घेतली. तिथेही योगायोगाने ५७ च प्रवेशिका! फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यातून अ‍ॅस्कॉन निवडला गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचं मानक आलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये घडलेला हा अल्गोरिदम निवड झाली तेव्हा नऊ वर्षं जगभराचा मार खाऊन उभा होता. तुमच्या कंपनीतला गुप्त अल्गोरिदम किती जणांनी मोडायचा प्रयत्न केलाय?

प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर: छोट्या मायक्रोकंट्रोलरवर अ‍ॅस्कॉन, प्रोसेसरमध्ये एईएस या प्रचलित एन्क्रिप्शन अल्गोरिदमच्या खास सूचना असतील तर जीसीएम किंवा एजिस. स्वतः लिहू नका, तपासलेली लायब्ररी घ्या. आणि काउंटर फ्लॅशमध्ये ठेवा.