रामजोशी यांच्या ‘सुंदरा मनामधि भरली’ या लावणीचा नेमका अर्थ काय?

ही लावणी केवळ रूपवर्णन आहे की तीत प्रेमाची व्यथाही आहे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ती मुळात व्यथेचीच लावणी आहे.

उत्तर पेशवाईतील सोलापूरचे शाहीर रामजोशी संस्कृतात पारंगत होते आणि स्वतःच्या रचना स्वतः गात, त्यामुळे त्यांचे शब्द कानासाठी घडवलेले आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. भरली, ठरली, शिरली, पुरली, विरली, फिरली अशी क्रियापदे ध्रुवपदात एकामागून एक धावत येतात आणि ती सुंदरा दिसताक्षणी हवेलीत नाहीशी झाल्याचा वेग आपल्याला अर्थाआधी नादातूनच जाणवतो. या धावपळीत स्थिर राहतो तो फक्त ‘मोत्याचा भांग’, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तेवढाच उरला आहे. हवेली आणि मोती यांमुळे तिचे घराणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असावे, असेही सूचित होते.

मला सर्वांत हृद्य वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. हा प्रियकर तिच्याशी एक शब्दही बोलत नाही. तो ‘अरे गड्या’ म्हणून मित्राला साद घालतो आणि ‘कुणाची सांग’ असे विचारतो. ज्याला तिचे नावगावही ठाऊक नाही, त्याचे ‘हौस नाहि पुरली’ हे उद्गार शृंगाराइतकेच विरहाचे आहेत. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटामुळे ही लावणी घरोघरी पोहोचली. तरीही ती पडद्यावरील प्रसंग बाजूला ठेवून एकदा नुसती मोठ्याने वाचावी, असे मी आग्रहाने सुचवेन.